गळा कुणाचा?

दोस्तांनो, आपल्या पोरांत एक वाद नेहमी पेटतो. प्रल्हाद शिंदे आपले का त्यांचे? माजिवड्यात आषाढीला भोंगा लागतो त्यात हाच आवाज, गणपतीत हाच, आणि चौदा एप्रिलला निळ्या झेंड्याखाली पण हाच. मग कुणीतरी तावातावानं म्हणतंच, १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या माणसानं विठ्ठल गायचा, ही गद्दारी नाही का?

सवाल फालतू नाही. गद्दार म्हणून मोकळं होता येत नाही आणि 'कलेला धर्म नसतो' असं गुळगुळीत बोलून सुटता पण येत नाही.

प्रल्हाद शिंदे १९३३ सालचे, मंगळवेढ्याचे. मंगळवेढा म्हणजे चोखोबाचं गाव. तिथंच गावकुसाची भिंत अंगावर पडून चोखोबा मेला. समाधी मिळाली ती पंढरपुरात, देवळाच्या दाराबाहेर. १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसले तवा ते दार आपल्याला उघडलं. म्हणजे प्रल्हाद चौदा वर्षांचा होईस्तोवर त्याच्या जातीला आत जागा नव्हती. ते पोर गात गात मुंबईकडं आलं आणि पुढं त्याच देवाच्या वाटेवर त्याचा गळा घुमला. बाहेर ठेवलेल्यांचा आवाज आत गेला. पण आत गेल्यावर तो कुणाचं बोलला, हा खरा सवाल.

मी मागावर उभा राहतो. माझ्या हातचं कापड देवीला नेसवतात का मढ्यावर घालतात, मला कोण विचारत नाही. त्यानं माझी प्रतिज्ञा मोडत नाही. मग गवयाला वेगळा न्याय का? कारण धागा बोलत नाही, गाणं बोलतं. ऐकणाऱ्याच्या मनात ते काहीतरी पेरतं. प्रतिज्ञेत 'मानणार नाही, पूजणार नाही' असं आहे, 'गाणार नाही' असं कुठाय, असं काही जण म्हणतात. ही वकिली झाली. ती आपल्याला शोभत नाही.

पण हिशेब दोन्हीकडनं मांडा. चळवळीनं आपल्या गवयांना दिलं काय? रात्रभर गाऊन घेतलं, हार घातला, टाळ्या वाजवल्या. सकाळी चूल टाळ्यांवर पेटत नाही. अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले आणि माणूस १९६९ साली हलाखीतच गेला. वामनदादा कर्डकांचं गाणं 'सांगत्ये ऐका'त वाजलं, तरी ते गावोगाव गातच फिरले. बाजारानं गळा घेतला, माणूस घेतला नाही. आपणही तेच केलं.

शिंद्यांच्या घरात मात्र गळा टिकला. आनंद, मिलिंद कॅसेटच्या जमान्यात घराघरात गेले. नातू आदर्शचा आवाज २०१९ साली बाबासाहेबांवरच्या मालिकेला लागला. बापानं देव गायला म्हणून नातवाचा भीम बाटला का? उलट, त्या कमाईवर घर उभं राहिलं म्हणून भीम गाणारा गळा तिसऱ्या पिढीपर्यंत पोचला.

तर माझं म्हणणं असं. भुकेल्यानं काय गायलं याचा जाब भुकेला विचारा. पोट भरल्यावर काय गातो, याचा जाब गवयाला विचारा. तिथं सूट नाही. आणि जाब विचारण्याआधी पुढच्या जयंतीला गवयाचं मानधन ठरवा, स्टेजवर चढायच्या आत त्याच्या हातात द्या. निष्ठा मागायचा हक्क असा कमवावा लागतो.

जयभीम.