चांगला फाउल

हेब्बाळच्या तळ्यावरून संध्याकाळचा वारा सुटला की आमच्या वसाहतीजवळच्या मैदानावर मुलींचा बास्केटबॉल रंगात येतो. कचेरीतून परतताना घटकाभर तेथे उभे राहण्याची आम्हांस सवय जडली आहे. परवा एका सामन्याच्या अखेरीस एक मुलगी चेंडू घेऊन टोपलीकडे झेपावली आणि दुसरीने तिला दंडाला धरून थांबविले. पहिली पडली. शिटी वाजली. कडेला उभे असलेले मार्गदर्शक धरणारीस उद्देशून म्हणाले, "गुड फाउल!" फाउल म्हणजे नियमभंग. नियमभंग चांगला कसा असेल? त्या दोन शब्दांनी घरापर्यंत आमची पाठ सोडली नाही.

वस्तुतः 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ रचला, तो धसमुसळेपणा टाळूनच. त्यांच्या तेरा नियमांत ढकलणे, धरणे, पाय घालून पाडणे या सर्वांस मज्जाव होता. पुढे सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ कॉलेजात तो मुलींना शिकविला, तेव्हा मैदानाचे तीन भाग पाडून प्रत्येकीस आपल्या भागातच ठेवले आणि दुसरीच्या हातातील चेंडू हिसकावण्यासही बंदी केली. स्त्रीच्या देहास एवढेच झेपेल, ही समजूत त्यामागे होती. काळाने ती खोटी ठरविली, हे इष्टच झाले.

याच बेंगळुरूतील कंठीरव क्रीडागृहात जुलै 2017 मध्ये स्त्रियांची आशिया चषक स्पर्धा झाली. 'ब' विभागाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला 75-73 असे हरविले. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. 'अ' विभागात जपानने ऑस्ट्रेलियास 74-73 असे नमविले. एकीकडे दोन गुणांचा फरक, दुसरीकडे एकाच गुणाचा. एक फ्री थ्रो साधला तर एक गुण मिळतो, हे ध्यानी घेतले म्हणजे निर्णायक सामन्यांत अंगझटी का वाढते ते उमगते. हमखास दोन गुण देण्यापेक्षा फाउल करून दमलेल्या हाताला दोन फ्री थ्रो टाकावयास लावणे फायद्याचे ठरते. पाचवा फाउल होईपर्यंत खेळाडूला मैदानाबाहेर जावे लागत नाही. मग चार फाउल हे जणू खर्चावयाचे भांडवलच!

या हिशेबाने आपण सरकारी नोकरांनी तरी दचकू नये. उशिरा आल्यास अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा वजा होते, हा नियम आपणां सर्वांस पाठ आहे. त्या शिक्षेस किंमत समजून ती मोजणारे कितीतरी आहेत, आम्हीही त्यांतलेच. एकदा असाच हिशेब करून आम्ही आरामात कचेरीत पोहोचलो, तो एक वृद्ध गृहस्थ निवृत्तिवेतनाचे कागद हातात धरून बाकावर बसलेले. आमच्या खात्यातून अर्धा दिवस गेला, सरकारचा हिशेब चुकता झाला. त्या गृहस्थांचा गेलेला वेळ मात्र कोणत्याच खात्यात जमा झाला नाही.

मैदानावरही हेच घडते. 26 सप्टेंबर 2025 रोजी अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत फीनिक्सच्या अलिसा थॉमसने मिनेसोटाच्या नफीसा कॉलियरकडून चेंडू काढून घेतला. त्या झटापटीत कॉलियरचा घोटा दुखावला. पंचांनी फाउल दिला नाही. मिनेसोटाच्या प्रशिक्षिका शेरिल रीव्ह संतापल्या. त्यांना बाहेर काढण्यात आले आणि पुढच्या सामन्यासाठी बंदीही झाली. त्या सामन्यात कॉलियर नव्हती, आणि मिनेसोटाचे आव्हान तेथेच संपले. थॉमसची चूक होती की नाही, याचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु पंचांनी फाउल दिला असता, तरी फ्री थ्रोने घोटा बरा झाला असता काय?

मग मुलींनी अंग चोरून खेळावे काय? मुळीच नाही, तसे म्हणणे बेरेन्सनबाईंच्या तीन कप्प्यांत परत जाणे होईल. नियमाने प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य नळकांडे कल्पिले आहे. त्यातील जागा तिची. तेथे ती पाय रोवून उभी राहिली आणि दुसरी येऊन आदळली, तर दोष आदळणारीचा. छातीला छाती भिडणे हे पाप नव्हे. चेंडूसाठी न झटता केवळ प्रतिस्पर्धिणीस रोखणारीविरुद्ध आता फ्री थ्रोही देतात आणि चेंडूही. दोनदा तसे घडल्यास तिला बाहेर जावे लागते. किंमत वाढवून नियमकर्ते जणू बजावीत आहेत की ही वस्तू विक्रीची नाही. तथापि किंमत कितीही वाढविली तरी हिशेब करणारा हिशेब करतोच. गुणांचे नुकसान गुणांनी भरून निघते, देहाचे निघत नाही. एवढा भेद धरणारीने स्वतःच ओळखावयाचा असतो. पंचाची शिटी तिच्या वतीने ते काम करू शकत नाही.

परवाची एक गोष्ट सांगावयाची राहिली. मार्गदर्शकांची शाबासकी कानी पडूनही ती मुलगी त्यांच्याकडे वळली नाही. पडलेलीस तिने हात देऊन उठविले, तिचे कोपर निरखले, काहीतरी विचारले आणि मगच ती आपल्या जागी गेली. त्या वृद्ध गृहस्थांपुढे आम्ही त्या दिवशी निमूटपणे रजिस्टर उघडले होते. उशीर झाला, क्षमा करा, एवढे म्हणावयाचेही आम्हांस सुचले नव्हते.