विहिरीचे पाणी कोणाचे?

विहीर स्वतःच्या शेतात, खोदाईचा खर्चही स्वतःचा. मग तिचे पाणी हवे तितके उपसण्यास प्रत्यवाय कोणता? १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानेही आपल्या हद्दीतील भूजल घेण्याचा मालकाचा हक्क मानला आहे. परंतु भूमीखालच्या झऱ्यांस शेताचा बांध ठाऊक नसतो. एकाने अहोरात्र उपसा केला की शेजाऱ्याची विहीर आटते. देवांनी दिलेले, त्यांस काहीच न अर्पिता भोगणारा तो चोर, असा गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा निर्णय आहे. आणि पर्जन्याहून उघड असे देवांचे दान दुसरे कोणते?

महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथून पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. तेथे पाण्याची वाटणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या मानाने ठरली: दरडोई अर्ध्या एकरापुरते, आणि एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाही. भूमिहीनासही वाटा होता. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासवे जात नसे. उसास पूर्ण मनाई. पंधरा एकरांच्या धन्याने साडेबारा एकर कोरडवाहू ठेवून शेजाऱ्याचा तुकडा भिजू द्यावयाचा, ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नव्हे. यज्ञ म्हणावा तो हाच.

ठिबक सिंचनाने पाटपाण्यापेक्षा पुष्कळ बचत होते, हे खरे. तथापि वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस उभा केला, तर विहिरीची पातळी पूर्वीप्रमाणेच खाली जाते, आणि शेजाऱ्याचा पोहरा कोरडाच वर येतो.