भोजनाला कोणता पोशाख?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाना ओली म्हणून एक जुनी वस्ती आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१०च्या सुमारास येथे पडली व तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले, तेव्हा आपली मराठी ‘ओळ’च तिकडच्या तोंडी ‘ओली’ झाली असावी असे मला वाटते. या ओलीत आमच्या मंडळीचे एक वयोवृद्ध सभासद राहतात. शाळेत मास्तरकी करून ते निवृत्त झाले. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो.

गेल्या वर्षी एका रविवारी उपासना आटोपल्यावर काकांनी मला बाजूला घेतले आणि खिशातून एक कागद काढला. त्यांचा धाकटा मुलगा एका परदेशी प्रवासी जहाजावर भोजनगृहात वाढप्याचे काम करतो. नोकरांच्या आईवडिलांना सवलतीत प्रवास मिळतो, म्हणून त्याने काका-काकूंची सात दिवसांची सफर ठरविली होती. कागदावर प्रवाशांसाठी सूचना होत्या. सात रात्रींपैकी दोन रात्री भोजनाला औपचारिक पोशाख हवा. पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि स्त्रियांनी संध्याकाळचा झगा घालावा. आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाखही चालेल.

“अरे, माझी अडचण कपड्याची नाही,” काका म्हणाले. “वाढणार माझा पोरगा आणि जेवायला बसणार मी. सूट घालून बसलो तर आपल्याच मुलाचा साहेब होऊन बसल्यासारखे होईल. रोजच्या कपड्यांत बसलो तर सोबत्यांपुढे त्याची मान खाली जाईल. तू शास्त्र शिकलेला आहेस. सांग, काय घालू?”

मी उपदेशकाला शोभेल असे उत्तर तत्काळ दिले. मनुष्य बाहेरचे पाहतो, परमेश्वर अंतःकरण पाहतो, तेव्हा जे असेल ते स्वच्छ धुऊन घाला, असे म्हणालो. काकांनी कागदाची घडी केली. “देव पाहत नाही हे ठाऊक आहे रे. पोरगा पाहील ना!” एवढे बोलून ते सायकल घेऊन निघून गेले.

त्या रात्री मला माझ्या उत्तराची लाज वाटली. ते उत्तर खोटे नव्हते, पण प्रश्न टाळण्यासाठी मी ते वापरले होते. आपण शास्त्राचा असा उपयोग किती वेळा करतो, याचा शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीही विचार करावा.

वास्तविक, भोजनाला वेगळा पोशाख ही साहेबांनीच आणलेली गोष्ट नव्हे. आपल्या मराठी घरांत जेवणाचा पोशाख इंग्रजांहून कडक होता. सोवळ्याचा मुकटा किंवा कद नेसल्याशिवाय पाटावर बसता येत नसे, रेशीम नसेल तर धाबळी लागे, आणि ओवळ्याचा पदर चुकून लागला तर पुन्हा स्नान. डिनर जॅकेट न घालणाऱ्याला जहाजावर फार तर दुसऱ्या दालनात जाऊन जेवा असे सांगतात. आपल्याकडे सोवळ्यातल्या पंक्तीबाहेरच्या माणसाला अंगणातही जागा मिळेलच असे नव्हते. तेव्हा परक्यांच्या नियमाला हसण्याआधी आपण आपल्या आजोबांची पंगत आठवलेली बरी.

जहाजावरच्या या रीतीचा उगम मोठा गूढ नाही. एकोणिसाव्या शतकात विलायतेतला श्रीमंत वर्ग घरीही रात्रीच्या जेवणासाठी कपडे बदलत असे. तोच वर्ग जहाजाच्या पहिल्या वर्गातून प्रवास करू लागला आणि आपली सवय बरोबर घेऊन आला. प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या रात्री मात्र सूट असे, कारण तेव्हा ट्रंका उघडलेल्या नसत किंवा बांधून झालेल्या असत. खालच्या वर्गातल्या प्रवाशांना हा नियम नव्हता, कारण त्यांना त्या टेबलापाशी जागाच नव्हती. पोशाखाने जिन्याच्या दरवाजाचे काम केले. अलीकडे तो दरवाजा बराच किलकिला झाला आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २०००च्या सुमारास औपचारिक पोशाखाची सक्ती सोडली. कनार्डच्या जहाजांवर समारंभाच्या रात्रीचा पोशाख अजून आहे, पण तेथेही राष्ट्रीय पोशाख मान्य आहे.

या समुद्रप्रवासात आपल्या माणसांची काय त्रेधा उडे, हे आपण जाणतो. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले. काटे-चमचे कसे धरावे हे ठाऊक नाही, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर नाही, म्हणून ते टेबलावर जेवायला गेलेच नाहीत. घरून आणलेल्या मिठाई-फळांवर खोलीत बसून दिवस काढले. जहाजावर काळा सूट घातला आणि पांढरी फ्लॅनेल उतरण्याच्या वेळेसाठी जपून ठेवली. विलायतेत उतरले तो पांढऱ्या कपड्यांतले तेच एकटे! मला या गोष्टीत त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा दंभ दिसत नाही. यजमानांच्या देशात पाय ठेवताना चांगले दिसावे एवढीच त्याची धडपड होती.

त्याआधी पाच वर्षे, ७ एप्रिल १८८३ला, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ जहाजाने अमेरिकेला निघाल्या. वय अठरा, पती बरोबर नाही, सोबत मिशनरी स्त्रियांची. वेष आणि आहार सोडणार नाही हा त्यांचा निश्चय होता. परंतु नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, थंडीही सोसवत नाही, म्हणून त्यांनी पुढे गुजराती धर्तीची साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडली नाही, नेसण्याची पद्धत बदलली. पाहणाऱ्याला अवघडू नये आणि आपणही आपल्याला परके होऊ नये, अशी वाट त्या मुलीने काढली. शास्त्र न शिकताही तिला जे सुचले ते त्या रविवारी मला सुचले नव्हते.

आता आणखी एक बाजू. साधे कपडे म्हणजे नम्रता आणि उंची कपडे म्हणजे गर्व, असे आम्ही उपदेशक सरसकट सांगून टाकतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की वरच्या जातींच्या स्त्रियांप्रमाणे घोळदार साडी नेसा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे ते जाड दागिने टाकून द्या. ज्यांना चांगले नेसण्याची पिढ्यान्‌पिढ्या मनाई होती त्यांना साधेपणाचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. आपल्या मराठी मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबांच्या आजी-पणजींची हीच कथा आहे. त्रावणकोरात तर नाडार स्त्रियांना, ज्यांत ख्रिस्ती झालेल्या पुष्कळ होत्या, अंग झाकण्याचा हक्क मिळावा म्हणून वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि १८५९ साली राजाला जाहीरनामा काढावा लागला.

१९३१ची गोलमेज परिषद डोळ्यांपुढे आणा. एकाच लंडनात, एकाच परिषदेसाठी डॉ. आंबेडकर उत्तम शिवलेल्या सुटात आले आणि गांधीजी पंचा नेसून. पंचा नेसूनच ते बकिंगहॅम राजवाड्यात राजाच्या चहाला गेले. दोघेही गरिबांच्या वतीने बोलत होते. एकाचा सूट म्हणत होता, माझी माणसे कोणाहून कमी नाहीत. दुसऱ्याचा पंचा म्हणत होता, माझ्या माणसांजवळ एवढेच उरले आहे. यातला खरा ख्रिस्ती पोशाख कोणता, असे कोणी विचारले तर तो प्रश्नच चुकीचा आहे असे मी म्हणेन. कपडा एकटा पाहून काही कळत नाही. समोर कोण बसले आहे आणि मागे कोण उभे आहे, तेही पाहावे लागते.

स्वराज्यातही हा प्रश्न मिटला नाही. धोतर नेसलेल्यांना चेन्नईच्या क्लबांतून परत पाठवीत, म्हणून २०१४ साली तमिळनाडू विधानसभेला कायदा करावा लागला.

पवित्र शास्त्रात पाहू गेलो तर तेथेही एकच एक नियम हाती येत नाही. योसेफ तुरुंगातून फारोपुढे जाताना मुंडण करून कपडे बदलतो, आणि कोणी त्याला दोष देत नाही. याकोब मात्र सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यांच्या गरिबाला पायांपाशी जागा देणाऱ्यांना खडसावतो. लग्नाच्या मेजवानीच्या दाखल्यातला तो लग्नाचा पोशाख नसलेला माणूस तर मला लहानपणापासून छळत आला आहे. रस्त्यावरून बोलावून आणलेल्याजवळ पोशाख कुठून असणार? यजमानच दाराशी वस्त्रे देत असे, असे काही भाष्यकार सांगतात; मजकुरात तसे लिहिलेले नाही, आणि मी वर्गात ते ठामपणे सांगत नाही. मला एवढेच दिसते की त्याला विचारले तेव्हा तो गप्प राहिला. मजजवळ नाही, असेही तो म्हणाला नाही.

मग मी योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढला. पाय धुण्याचा तो प्रसंग मी अनेकदा शिकविला आहे, पण तो भोजनाच्या पोशाखाचा प्रसंग आहे हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते. जेवण चालू असता प्रभू उठतो, बाहेरचे वस्त्र काढून ठेवतो आणि कमरेला रुमाल बांधतो. म्हणजे त्या पंक्तीत यजमानाच्या अंगावर वाढप्याचा, नव्हे, त्याहून हलक्या गड्याचा वेष होता. पेत्राला ते सहन झाले नाही. काकांची अडचण थोडीफार पेत्राचीच होती. आपल्या माणसाने आपल्यापुढे ओणवे व्हावे, हे कोणत्या कपड्यात बसून सोसावे?

येथे ग्वाल्हेरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८७४ साली बांधलेल्या जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहात चांदीची छोटी आगगाडी आहे. टेबलावरच्या रुळांवरून ती मद्य आणि चिरूट घेऊन पाहुण्यांपुढून फिरे. कोणी बाटली उचलली की गाडी थांबे. मुले ती पाहून हरखून जातात, मीही गेलो होतो. पण वाढणाऱ्या माणसाला टेबलापासून दूर करण्याची ती किती सुरेख युक्ती आहे! गाडीला गणवेश लागत नाही, आणि तिचा बापही कधी त्या टेबलाशी जेवायला येत नाही.

आपल्या जहाजांवर मात्र माणसेच वाढीत आली. गोव्याच्या किती ख्रिस्ती कुटुंबांची चूल ब्रिटिश जहाजांवरच्या खानसाम्यांच्या व वाढप्यांच्या पगारावर पेटली! मुंबईत धोबी तलावाच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या कुडी असत. दोन सफरींच्या मध्ये तेथे ट्रंक ठेवून ते पुढच्या जहाजाची वाट पाहत. त्यांनी हजारो डिनर जॅकेटांची भोजने पाहिली, तीही खुर्चीच्या मागच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी मी दाना ओलीत काकांकडे गेलो आणि आदल्या दिवशीचे उत्तर परत घेतले. म्हणालो, “काका, मुलाच्या लग्नात जे घातले असते तेच घाला. तो तुम्हाला आपल्या घरी जेवायला बोलावतो आहे असे समजा, कारण अकरा वर्षे तेच त्याचे घर आहे.” काकू आतून म्हणाल्या, “मी चंदेरी नेसणार, माझे कधीच ठरले आहे. हेच आठ दिवस झोपले नाहीत.” मग काकांनी ओळखीच्या शिंप्याकडून काळा बंद गळ्याचा कोट शिवून घेतला. शिंप्याने कुठल्या लग्नाला म्हणून विचारले. काकांनी सांगितले नाही.

परत आल्यावर त्यांनी सारे सविस्तर सांगितले. पहिल्या औपचारिक रात्री मुलाने आईची खुर्ची मागे ओढली, दोघांच्या मांडीवर रुमाल पसरले आणि काय घेणार म्हणून इंग्रजीत विचारले, कारण शेजारी इतर पाहुणे होते. काकांना सूप गिळवेना. मुलाने बशी उचलताना हळूच मराठीत सांगितले, “बाबा, कोट छान बसलाय.” मग ते जेवले.

दुसऱ्या औपचारिक रात्री त्याला वरिष्ठांनी आईवडिलांबरोबर टेबलावर बसण्याची परवानगी दिली. तेव्हा ध्यानात आले की गणवेश सोडला तर त्याच्याजवळ त्या भोजनगृहात बसण्याजोगा एकही कपडा नाही. अकरा वर्षांत कधी लागलाच नव्हता. काकांनी आपला कोट काढून त्याला घातला आणि स्वतः सदऱ्यावर जुने जाकीट चढविले. दारावरच्या माणसाने एकदा जाकिटाकडे पाहिले, एकदा मुलाकडे पाहिले, आणि आत सोडले. कोटाच्या बाह्या मुलाला दोन बोटे आखूड होत होत्या. त्या रात्री वाढायला त्याच्याच खोलीत राहणारा एक फिलिपिनो सोबती होता.

“पोरगा नीट जेवला का हो?” मी काकूंना विचारले.

“कसला जेवतो! दोनदा उठला पाण्याचा जग आणायला. यांनी बाही धरून खाली बसविला.”