स्वस्ताई आणि मालकीहक्क

बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांचा रोख्यांच्या चिकित्सेवरील ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील पडझडीची झळ घरोघर जाणवत होती. त्या राखरांगोळीतून त्यांनी जो विचार वर काढला, तो इतका साधा होता की आजही पुष्कळांना तो निव्वळ कंजूषपणा वाटतो : समभाग म्हणजे चालत्या धंद्यातील हिस्सा होय, त्या धंद्याचे मूल्य ताळेबंद वाचून अजमावता येते, आणि त्या मूल्याच्या बऱ्याच खाली भाव मिळेल तेव्हाच खरेदी करावी, म्हणजे अंदाज चुकला तरी मुद्दल शाबूत राहते. या विचाराचा एक आधार मात्र ग्रंथकारांना मुद्दाम सांगावासा वाटला नाही. ज्याच्या हाती समभागाचा कागद आहे त्याचा हिस्सा दिवाणी न्यायालयात शाबीत होतो, आणि प्रत्यक्ष राजसत्तेलाही तो विनामोबदला हिरावून घेता येत नाही, हे त्यांनी गृहीतच धरले होते. चीन, रशिया किंवा आपला देश यांसारख्या उदयोन्मुख म्हणविल्या जाणाऱ्या बाजारांत शिरताना मूल्यान्वेषी गुंतवणूकदाराने प्रथम हे गृहीत तपासावे आणि भाव-मूल्याची वजाबाकी मागाहून मांडावी, असे माझे मत आहे.

देशाची भरभराट म्हणजे भागधारकाची भरभराट, हा भ्रम तर आरंभीच सोडलेला बरा. शांघायच्या निर्देशांकाने ३,००० ची पायरी प्रथम २००७ साली ओलांडली, आणि २०२४ सालीही तो त्याच पायरीच्या आसपास घोटाळत होता. या अवधीत चीनची अर्थव्यवस्था डॉलरच्या हिशेबाने सुमारे पाचपट झाली. वाढीचे फळ कामगाराच्या वेतनात, गिऱ्हाइकाला मिळालेल्या स्वस्त मालात, आपसांतील जीवघेण्या स्पर्धेत आणि सतत बाजारात येणाऱ्या नव्या समभागांत वाटले गेले. शिवाय २००७ सालचा खरेदीदार पुढील कित्येक वर्षांच्या वाढीचे दाम आगाऊच मोजून बसला होता.

आता ज्या उदाहरणाचा मला विशेष मोह आहे ते सांगतो. २००२-०३ च्या सुमारास वॉरन बफे यांच्यापुढे तेलाच्या दोन कंपन्या होत्या, चीनची पेट्रोचायना आणि रशियाची युकोस, आणि आकडेमोडीने पाहता दोन्ही स्वस्त होत्या. पेट्रोचायनाचा वार्षिक अहवाल त्यांनी आपल्या कचेरीत बसून वाचला. व्यवस्थापकांची भेट नाही, तज्ज्ञांचा सल्ला नाही. कंपनीचे मूल्य त्यांच्या अंदाजाने १०,००० कोटी डॉलरच्या घरात होते आणि बाजार तिची किंमत ३,७०० कोटी करीत होता. सुमारे नव्वद टक्के मालकी चिनी सरकारची होती, आणि नफ्यापैकी ४५ टक्के लाभांश म्हणून वाटण्याचे धोरण अहवालातच नमूद होते. बफे यांनी ४८ कोटी ८० लाख डॉलर घालून १.३ टक्के हिस्सा घेतला आणि २००७ साली तो ४०० कोटींना विकला. त्यांच्या विक्रीनंतरही भाव चढतच राहिला, म्हणून त्यांना हसणारेही निघाले. पण त्याच नोव्हेंबरात शांघायमध्ये तो समभाग पहिल्याच दिवशी ज्या भावाला जाऊन पोचला, तिथून पुढे त्याची घसरणच झाली.

इकडे युकोसचे प्रमुख मिखाइल खोदोरकोव्स्की यांना २००३ च्या ऑक्टोबरात अटक झाली, थकीत कराच्या मागण्या एकावर एक निघाल्या, २००४ च्या अखेरीस कंपनीच्या मुख्य तेलक्षेत्रांचा लिलाव झाला आणि पुढे दिवाळे निघाले. युकोस खासगी होती, तिचा कारभार पाश्चात्त्य धाटणीचा होता आणि बाजारात तिचा लौकिक होता. तथापि सरकारचे ज्यात उघड हितसंबंध गुंतले होते, त्या कंपनीचा धाकटा भागीदार सुरक्षित राहिला, आणि जी सरकारच्या डोळ्यांत खुपली तिचे भागीदार नागवले गेले. सरकारी मालकीचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनी हा दाखला विसरू नये.

अलिबाबा या चिनी इंटरनेट कंपनीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. इंटरनेट आणि दूरसंचार या क्षेत्रांत परकी भांडवलाला चीनचा कायदा मज्जाव तरी करतो किंवा मर्यादा तरी घालतो. म्हणून परवाने चिनी नागरिकांच्या नावे असलेल्या कंपन्यांकडे राहतात, तेथील नफा करारांच्या वाटेने बाहेर आणला जातो, आणि न्यूयॉर्कमध्ये विकला जातो तो केमन बेटांवर नोंदलेल्या कंपनीचा समभाग. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास कायद्याची आडकाठी आहे, म्हणून शहरातील एखादा गृहस्थ पैसे स्वतःचे घालतो, जमीन ओळखीच्या शेतकऱ्याच्या नावे करतो आणि करारनामा कपाटात जपून ठेवतो. सातबाऱ्यावर त्याचे नाव कधीच चढत नाही. अलिबाबाचा परदेशी भागधारक त्या गृहस्थाच्याच जागी उभा आहे. २०११ साली अलीपे ही देयक-व्यवहारांची शाखा अलिबाबाचे संस्थापक जॅक मा यांच्या ताब्यातील चिनी कंपनीकडे गेल्याचे उघड झाले. नियामकांच्या अटींसाठी हे करावे लागले, असे सांगण्यात आले. त्या वेळी अलिबाबाचा सुमारे ४३ टक्के हिस्सा बाळगणाऱ्या याहूच्या म्हणण्याप्रमाणे, तिला हे सारे मागाहून कळले. पुढे तडजोड झाली खरी, पण दप्तरी नाव कोणाचे, याचा निकाल त्याआधीच लागून चुकला होता.

त्याच अलीपेच्या पोटी वाढलेल्या अँट समूहाची प्रचंड भागविक्री ३ नोव्हेंबर २०२० रोजी, समभागांचे व्यवहार सुरू होण्यास दोन दिवस उरले असताना, रोखण्यात आली. पुढच्या एप्रिलात अलिबाबाला १,८०० कोटी युआनहून अधिक दंड झाला. भाव उतरू लागताच स्वस्ताईच्या शोधातील मंडळी पुढे सरसावली, त्यांत बफे यांचे सहकारी चार्ली मंगर यांच्यासारखा मुरलेला माणूसही होता. २०२२ च्या ऑक्टोबरात भाव दोन वर्षांपूर्वीच्या शिखराच्या एक-पंचमांशावर आला. आपल्या मोठ्या चुकांत मंगर यांनी या खरेदीची पुढे गणना केली. मात्र दोष त्यांनी राजसत्तेला दिला नाही. कंपनी अखेर किरकोळ विक्रीच्याच धंद्यातली आहे, हे आपल्या ध्यानात आले नाही, असे ते म्हणाले. ही प्रामाणिक कबुली मला आवडते, परंतु निदान मला अपुरे वाटते.

एवढ्यावरून चीनकडे पाठ फिरवावी, असे मी म्हणणार नाही. मात्र अशा ठिकाणी स्वस्ताईचा काही भाग हा हक्काच्या कच्चेपणाचाच दाम असतो; तो वगळून जे उरेल तेवढीच खरी सवलत. लाभांश रोख हाती पडतो की नाही, तो कोणत्या परवानगीने देशाबाहेर येतो, आणि आपल्याबरोबर राजसत्तेचेही नुकसान होणार आहे की केवळ आपलेच, हे पाहावे. आणि उत्तरे समाधानकारक मिळाली तरी सारी पुंजी बुडाल्यास संसार चालेल एवढीच रक्कम तेथे घालावी. २०१४ साली अलिबाबाची न्यूयॉर्कमध्ये भागविक्री झाली, तेव्हा या करारांतील धोके कंपनीने स्वतःच प्रस्तावपत्रात छापले होते. परदेशी बाजारांतील निधीत पैसे घालणाऱ्या वाचकाने भावाचा आलेख पाहण्यापूर्वी असल्या दस्तऐवजातील धोक्यांचे प्रकरण एकवार सावकाश वाचावे, एवढीच विनंती.