छपरावरचे ऊन आणि शेजाऱ्याचा पैसा

प्रकाश अडविला म्हणून शेजाऱ्याशेजाऱ्यांत खटले होत आले. प्रकाशापासून मिळालेल्या पैशाचा न्यायान्याय पाहण्याची वेळ मात्र अलीकडची. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० मध्ये अशी योजना सुरू झाली की, राहत्या घराच्या छपरावर सौरपट्ट्या बसविणाऱ्यास निर्माण होणाऱ्या प्रत्येक युनिटामागे ४१.३ पेन्स मिळावेत. ती वीज त्याने स्वतःच वापरली तरी पैसे मिळतच. मुदत पंचवीस वर्षांची, महागाईबरोबर दर वाढता, आणि घरगुती संचाच्या या प्राप्तीवर आयकरही नाही!

हा पैसा सरकारी खजिन्यातून येत नसे. वीज पुरविणाऱ्या कंपन्या तो सर्व ग्राहकांच्या बिलांतून वसूल करीत. म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणारी एखादी विधवा, जिला स्वतःचे छप्परच नाही, ती बंगलेवाल्याच्या उत्पन्नात दरमहा भर घालीत होती. आमच्या वाचकांनी यावर फार नाक मुरडू नये. गावकरीच्या उत्पन्नाचा वाटाही गावकरांच्याच वंशजांस मिळे, शेतात राबणाऱ्या कुळास नव्हे.

योजनेच्या समर्थकांचे म्हणणे कालिदासाच्या भाषेत मांडता येईल. रघुवंशातील दिलीप प्रजेकडून कर घेई तो सूर्य पाणी शोषतो तसा, सहस्रपटीने परत देण्यासाठी. हे म्हणणे पोकळ नव्हे. जर्मनीने २००० च्या कायद्याने वीस वर्षे ठराविक दराची हमी दिली, मागणी वाढली, कारखाने वाढले आणि सौरपट्ट्या स्वस्त झाल्या. त्याचा लाभ आज आपल्याकडील घरांसही होत आहे. पाऊस पडला खरा. परंतु ज्या तळ्याचे पाणी उचलले त्या तळ्यावर तो पडला काय? त्या विधवेची खोली अजून भाड्याचीच आहे.

मग असे वचन अन्यायाचे म्हणून मोडावे काय? ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले की १२ डिसेंबरपासून बसविलेल्या लहान संचांस पुढील एप्रिलपासून ४३.३ ऐवजी २१ पेन्सच द्यावेत. गंमत अशी की, या प्रस्तावावर लोकांची मते मागविण्याची मुदत २३ डिसेंबरपर्यंत होती! उच्च न्यायालयाने, व जानेवारी २०१२ मध्ये अपील न्यायालयाने, असा मागे जाऊन दर कापण्याचा अधिकार मंत्र्यास कायद्याने दिलेला नाही, असा निर्णय दिला. आम्हांस तो सर्वथा योग्य वाटतो. दर अवाजवी असेल तर तो पुढच्या माणसासाठी उतरवावा. ज्याने शब्दावर विसंबून कर्ज काढले त्याचे हात बांधू नयेत. स्पेनने जुन्या संचांचेही दर कापले आणि पुढे कित्येक वर्षे लवादांपुढे उत्तरे देत बसला.

ब्रिटनने ही योजना नव्या अर्जदारांस १ एप्रिल २०१९ पासून बंद केली. जानेवारी २०२० पासूनच्या नव्या व्यवस्थेत केवळ बाहेर दिलेल्या युनिटाचे मोल मिळते. जुन्यांची पंचवीस वर्षे मात्र अद्याप चालू आहेत, आणि त्यांचा आकार इतरांच्या बिलांत अजूनही चढविला जातो.