तुलाधाराचा काटा आणि सेकंड हँड बास



आजचं वाचन शांतिपर्वातलं आहे, तुलाधार आणि जाजली यांचा संवाद. भीष्म शरशय्येवरून युधिष्ठिराला जी आख्यानं सांगतात, त्यांतलं हे एक. वाचलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहतो की पक्ष्यांची एक जोडी त्याच्या जटांत घरटं बांधते. अंडी, पिल्लं, पिल्लांना पंख फुटणं, सगळं त्याच्या डोक्यावर होतं आणि तो हलत नाही. पिल्लं उडून गेल्यावर त्याला वाटतं, झालं, धर्म मला साधला. तेवढ्यात आकाशवाणी होते की वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजली तडक वाराणसी गाठतो, तर हा तुलाधार दुकानात बसून माल विकतोय.

लाख, सुगंधी द्रव्यं, नाना प्रकारचे रस. मद्य मात्र तो विकत नाही. दुसऱ्याकडून माल घ्यायचा आणि कपट न करता विकायचा, एवढाच त्याचा धंदा. जाजली विचारतो, तुला हे ज्ञान आलं कुठून? तुलाधाराच्या उत्तराचा गाभा असा की माझा तराजू सगळ्यांना सारखा आहे.

वनपर्वात मांसविक्या धर्मव्याध आहे, इथे वाणी आहे. आपले तुकोबाही दुकान चालवणाऱ्या घरातलेच. त्यामुळे "बाजारात बसलेला ज्ञानी" ही कल्पना आपल्याला नवी नाही, आणि म्हणूनच आपण ती पटकन मान डोलावून सोडून देतो. "सगळ्यांना सारखा तराजू" म्हणजे शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम, काटा मारायचा नाही, असा साधा अर्थ आपण धरतो. मला वाटतं त्यात याहून बरंच अवघड काही आहे. ते मला बास गिटारच्या खरेदी-विक्रीत दिसलं, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो.

आमच्या भजन जॅमिंगला जे येतात त्यांना माहीत आहे, मी मागे उभा राहून बास वाजवतो. चार जाड तारा, 34 इंच लांबी, सगळ्यांत खालची तार साधारण 41 हर्ट्झवर. वाजवणं हा छंदाचा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे सेकंड हँड बास घेणं, उघडणं, बदलणं, विकणं, अदलाबदल करणं. या रोगाला जगभरचे वादक "गॅस" म्हणतात, सारखं नवं वाद्य हवंसं वाटण्याचा आजार. आमच्याकडे आई त्याला एका शब्दात उत्तर देते: बास!

तर या बाजाराची भाषा बघा. तुम्ही बास विकायला काढलात की जाहिरातीत लिहिता, "अपग्रेडेड पिकअप्स, हेवी ब्रिज, प्लेयर्स कंडिशन." तोच बास दुसरा कोणी विकत असेल आणि तुम्हाला घ्यायचा असेल, तर फोनवर म्हणता, "पिकअप ओरिजिनल नाहीत ना? ब्रिज पण बदललाय. आणि डेंट बरेच दिसतायत." वस्तू तीच, पिकअप तेच. विकताना जे अपग्रेड असतं ते घेताना "छेडछाड" होतं. विकताना जो घासलेला रंग "व्हिंटेज कॅरेक्टर" असतो तो घेताना "रंग उडालाय" होतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही, हीच तर गंमत आहे. एकही वजन कमी नाही आणि तरी पारडं दरवेळी आपल्या बाजूला झुकतं.

तुलाधाराचा काटा मला इथे दिसतो. सगळ्यांना सारखा म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांना सारखा, इथपर्यंत ठीक आहे. पण त्या सगळ्यांत मी स्वतः पण आलो की नाही? मी काउंटरच्या अलीकडे असताना केलेलं वर्णन आणि पलीकडे असताना केलेलं वर्णन एकच निघालं पाहिजे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात समत्वालाच योग म्हटलंय, ते आपण लाभ आणि हानी झाल्यावर मन शांत ठेवण्यापुरतं वाचतो. व्यवहार पूर्ण व्हायच्या आधी, लाभ अजून ठरायचा असताना, जिभेवर समत्व राहतं का, हा प्रश्न मला जास्त कठीण वाटतो.

एक तांत्रिक उदाहरण देतो. बासच्या चार तारा मिळून नेकवर साधारण 70 ते 80 किलोचा ताण देतात. त्या ताणाने लाकूड पुढे वाकतं. ते सरळ धरायला नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. टोकाचा नट फिरवून ती कमी-जास्त आवळता येते. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, उन्हाळ्यात सुकतं, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा ती किंचित फिरवावी लागते. आता काही जुन्या नेकमध्ये हा नट आवळून आवळून शेवटाला आलेला असतो. आज बास छान वाजतो. अजून एखादं वर्ष वाजेलही. पण पुढे नेक वाकली तर आवळायला जागाच नाही, मग कारागिराकडे मोठं काम. बाहेरून हे अजिबात दिसत नाही, आणि नवख्या माणसाला विचारायचं सुचतही नाही. जाहिरातीत मात्र लिहितात, "ट्रस रॉड वर्किंग." खरंच आहे ते. सैल करायच्या दिशेने वर्किंग.

माझ्याकडच्या एका बासची गत अशीच होती. आमच्या ग्रुपमधला एकोणीस वर्षांचा मुलगा तो घ्यायला आला. त्याने काहीही तपासलं नाही. "दादा, तुम्ही विकताय म्हणजे बघायचं काय त्यात." हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्याचा अर्थ नीट बघा. बाजारातल्या अनोळखी माणसापुढे त्याने दहा प्रश्न विचारले असते. सत्संगातल्या दादापुढे त्याने प्रश्न विचारायचं सोडून दिलं. म्हणजे आपण एकत्र नाम घेतो या गोष्टीने त्याचं पारडं हलकं झालं होतं. मी त्याला नट फिरवून दाखवला, पुढे काय होऊ शकतं ते सांगितलं, किंमत कमी केली. त्याने तीन दिवस विचार केला आणि "नको दादा" असा मेसेज टाकला. बास अजून माझ्याकडे पडून आहे. खरं बोललं की देव भरपाई करतो, असं काही मला या गोष्टीत सांगायचं नाहीये. केली नाही.

बदल करण्याचाही एक वेगळा प्रश्न आहे. फेंडरने 1951 साली प्रिसिजन बास काढला आणि 1960 साली जॅझ बास. हे दोन्ही स्क्रूने जोडलेले असल्यामुळे नेक काढून दुसरी बसवता येते. लोक मग स्वस्त नेकवर फेंडरचा लोगो चिकटवतात. स्वतःच्या घरी, स्वतःच्या हौसेसाठी चिकटवला तर यात फसवणूक कुणाची? कुणाचीच नाही. विकताना घेणाऱ्याला सांगितलं तर? तरीही नाही. पण तो पुढे विकणार, त्याच्याकडून घेणारा अजून पुढे. चौथ्या हाताला पोचेपर्यंत तुमचं सांगणं गळून जातं आणि लोगो तेवढा राहतो. आपल्या मनातला हेतू वस्तूबरोबर प्रवास करत नाही.

यावर मला एक उपाय आवडतो. 50 च्या दशकात आणि 60 च्या सुरुवातीला फेंडरच्या कारखान्यात नेकच्या बुडावर पेन्सिलने तारीख लिहायची पद्धत होती. ती जागा नेक उघडल्याशिवाय दिसत नाही, पण जाणकार ती आधी बघतो. मी जे काही बदलतो ते तिथेच पेन्सिलने लिहून ठेवतो: पिकअप बदलले, अमुक महिना, अमुक साल. सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगायला नको, प्रत्येक बदलाचा हिशोब कोडसोबतच ठेवायची आपल्याला सवय असते. काढलेले जुने पार्ट आणि स्क्रूसुद्धा एका डब्यात ठेवून विकताना बासबरोबर देतो. लाकूड कोरून केलेला बदल मात्र कुठल्याही डब्यात मावत नाही, तो करायच्या आधी मी बराच थांबतो.

इथपर्यंत विकणाऱ्याचं झालं. घेणाऱ्याचं काय? समोरच्याला आपल्या वस्तूची किंमत माहीत नसेल तर ती त्याला सांगायची का? यावर माझं आणि माझ्या एका मित्राचं अजून एकमत झालेलं नाही.

माहीममधल्या एका घरी जुना बास विकायचा होता. घरातले काका वादक होते, वारले. मुंबईच्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रांत गोव्याहून आलेल्या वादकांनी किती काम केलंय हे तुम्हाला माहीत असेल, हे घर त्याच परंपरेतलं. मित्राला बास बघायला माझी सोबत हवी होती. आंटींनी पेटी उघडली तर आत आरिया प्रो टू, एसबी 1000. जपानमध्ये बनलेला, नेकचं लाकूड अंगातून शेवटपर्यंत आरपार गेलेलं, एकच मोठा पिकअप, सहा पोझिशनचा नॉब. मेटालिकाचा क्लिफ बर्टन ज्या घराण्याचा बास वाजवायचा त्यातला. चांगल्या स्थितीतला असेल तर आज त्याची किंमत लाखाच्या आसपास तरी जाते. आंटींनी सांगितले होते आठ हजार.

मित्र माझ्याकडे बघेना. मी निघतानाच त्याला बजावलं होतं, मी गप्प बसेन, पण मला थेट विचारलं तर खोटं बोलणार नाही. तो हो म्हणाला होता. जुन्या गिटारबद्दल कोण कशाला विचारतंय!

आंटींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "आठ हजार जास्त तर नाही ना सांगितले मी? जुना आहे. तुम्हाला महाग पडत असेल तर बोला."

त्यांना काळजी होती ती आम्ही फसू नये याची. मी सांगितलं. काय आहे, साधारण कितीला जातो, कुठे चौकशी करायची, सगळं. आंटी थोडा वेळ पेटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, पुतण्याला विचारते. पुतण्याने दोन आठवड्यांत तो भलत्याच माणसाला विकला. मित्राला शेवटी फोनसुद्धा आला नाही.

मित्राचं म्हणणं मला इथे मांडलंच पाहिजे, कारण ते टाकाऊ नाही. तो म्हणतो, "दहा वर्षं घालवून मी हे शिकलो. पॉटवरचा 137 हा आकडा बघून कंपनी ओळखायची, पुढच्या आकड्यांवरून साल आणि आठवडा काढायचा, हे मला कुणी फुकट शिकवलं नाही. डॉक्टर ज्ञानाचे पैसे घेतो, मग मी का नाही?" आणि दुसरं, जास्त टोचणारं: "तू माझ्या बाजूने आला होतास." तुझ्या तुलाधारामुळे माझा बास गेला, असं तो अजून चारचौघांत म्हणतो.

पहिल्या मुद्द्यावर माझं उत्तर असं आहे. डॉक्टर ज्ञानाचे पैसे घेतो ते रोग्याला काय झालंय ते सांगून, त्याच्यापासून लपवून नाही. मित्राने आंटींना म्हणायला हवं होतं, मी याची किंमत काढून देतो, मला त्याचे अमुक द्या, किंवा मला थोडा स्वस्त द्या. ते सरळ झालं असतं. समोर वाद्यांचा व्यापारी असता तर मी वेगळा वागलो असतो हेही कबूल. तो स्वतःचा तराजू घेऊन बसलेला असतो, त्याने चुकीची किंमत लावली तर ती दुरुस्त करणं माझं काम आहे असं मला वाटत नाही. इथे काही वाचक म्हणतील की मग तुझाही काटा सारखा राहिला नाही, व्यापाऱ्याला एक आणि आंटींना एक. म्हणा. मी यावर अजून विचार करतोय. माझ्या मते सारखेपणा बोललेल्या शब्दांत मोजायचा नसतो, समोरच्याला स्वतः बघता येतंय की नाही ते धरून मोजायचा असतो. पण तुलाधाराने असा फरक केला असता का, हे त्या संवादात मला सापडलेलं नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मी त्याला फक्त आठवण करून देतो की आंटींनी प्रश्न कुणाच्या काळजीपोटी विचारला होता. त्यावर तो गप्प होतो आणि मग विषय बदलतो. पुढच्या शनिवारी जॅमिंगला तो येणार आहे, त्याच्यासमोर हे कुणी काढू नका, ही विनंती.

उद्याचं वाचन याच संवादाचा पुढचा भाग. तिथे तुलाधार बैलांना वेसण घालण्याबद्दल आणि नांगराखाली मरणाऱ्या जिवांबद्दल बोलायला लागतो आणि जाजली जवळपास भांडायलाच उठतो. बासच्या नेकवरची काळपट फळी बऱ्याचदा आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या शिसवाची असते. 2017 पासून त्या झाडाच्या आख्ख्या कुळाच्या जागतिक व्यापारावर नियमन आहे, 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. त्यावर उद्या लिहितो.

राम कृष्ण हरी.