आजचं चिंतन : माप एकच हवं
(गीता, अध्याय ६, श्लोक ३२)



आजचा श्लोक ध्यानाच्या अध्यायातला आहे. भगवंत अर्जुनाला सांगतात, जो दुसऱ्याचं सुखदुःख स्वतःच्या सुखदुःखासारखं बघतो, तो योगी सगळ्यांत श्रेष्ठ. यासाठी गीतेचा शब्द आहे 'आत्मौपम्य'. म्हणजे स्वतःचं माप घेऊन दुसऱ्याला समजून घेणं. आसन कसं घालावं, नजर कुठे ठेवावी, खाणं-झोपणं किती असावं, हे सगळं याच अध्यायात आधी सांगून झालंय. पण इथे भगवंत डोळे मिटून किती वेळ बसता हे विचारत नाहीत. दुसऱ्याचं दुखणं कळतं का, एवढंच विचारतात.

वाचायला सोपा श्लोक. पण बातम्या बघताना तो टिकतो का, ते बघू या.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. कागदपत्रांशिवाय अमेरिकेत गेलेले १०४ भारतीय त्यातून परत आले. बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे. तिघं आपल्या महाराष्ट्रातले. वाटेत हातात बेड्या आणि पायात साखळ्या होत्या, असं परत आलेल्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचे काही खासदार हातात बेड्या घालून संसदेच्या आवारात उभे राहिले. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राज्यसभेत उत्तर दिलं की बेकायदा राहणाऱ्या आपल्या नागरिकांना परत घेणं हे प्रत्येक देशाचं कर्तव्य आहे, आणि लोकांना असं परत पाठवणं नवीन नाही, ते वर्षानुवर्षं चालू आहे.

त्या आठवड्यात आमच्याकडे जेवताना यावरून चांगलीच जुंपली. आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "चोर होते का ते? पोटासाठीच गेली होती ना पोरं!" व्हिडिओ कॉलवर न्यू जर्सीचा दादा होता, तो वैतागून म्हणाला, "आत्या, आम्ही बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. यांनी रांग मोडली, त्याचं काय?"

मला विचाराल तर दोघंही खरं बोलत होती. 'डंकी'च्या वाटेने जाणारे एजंटाच्या हातावर लाखो रुपये ठेवतात. कुणी त्यासाठी जमीन विकतं, कुणी कर्ज काढतं. कित्येक जणांनी कोलंबिया आणि पनामाच्या मधलं दारिएनचं जंगल पायी तुडवलंय. परत आल्यावर जमीन गेलेली असते, कर्ज मात्र तसंच असतं. हे दुःख खरं आहे. आणि नियम पाळून वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्याची तगमगही खरी आहे. आत्मौपम्य म्हणजे दोघांपैकी आपल्याला आवडेल ते एकच दुःख निवडणं नव्हे.

मग मी आत्याला विचारलं, "आपल्याकडे बांगलादेशी म्हणून कुणाला पकडून नेतात, तेव्हा तुला असंच वाटतं का गं?" ती पटकन म्हणाली, "ते वेगळं!" आणि मग स्वतःच गप्प झाली.

श्लोक खरा कुठे बोचतो, तर इथे. आपला मुलगा गेला की तो पोटासाठी गेला, दुसऱ्याचा मुलगा आला की तो घुसखोर. आपल्या माणसाच्या पायातली साखळी म्हणजे देशाचा अपमान, आणि दुसऱ्याच्या पायातली दिसली की आपण टाळ्या वाजवतो. माप दोन झाली, की योग तिथेच संपला.

आणि दोन मापांचा फटका निरपराधालाही बसतो. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून काही बंगाली बोलणाऱ्या मजुरांना बांगलादेशी समजून पकडलं आणि सीमेपलीकडे ढकलून दिलं. ते पश्चिम बंगालचे, म्हणजे भारताचेच नागरिक निघाले. तिथल्या सरकारने पाठपुरावा केल्यावर त्यांना परत आणावं लागलं. विचार करा, आपल्याच देशातून आपल्याला बाहेर काढलंय आणि आपलं म्हणणं ऐकायलाच कुणी तयार नाही.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, "मग काय, सीमा उघडी टाकायची?" प्रश्न रास्त आहे. रामायणातही तो विचारला गेलाय. विभीषण चार सोबत्यांना घेऊन रामाच्या छावणीपाशी आला, तेव्हा सुग्रीवाला तो शत्रूचा हेर वाटला. रामाने सुग्रीवाला गप्प बसवलं नाही. अंगद म्हणाला, आधी पारख करा. हनुमान म्हणाला, याच्या बोलण्यात मला कपट दिसत नाही. सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर रामाने विभीषणाला आश्रय दिला. येणारा प्रत्येक जण विभीषण नसतो, हे मान्य. पण तो कोण आहे हे कळायला आधी त्याचं ऐकावं लागतं. छावणी राखणं हा सुग्रीवाचा धर्म होता, आणि ऐकून मग ठरवणं हा रामाचा. दोन्ही एकाच छावणीत नांदू शकतात.

म्हणून माझ्यापुरतं मी असं धरलंय. कायद्याने एखाद्याला परत पाठवायची वेळ येऊ शकते. पण पाठवण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलं जावं. पाठवताना त्याची मान खाली जाईल असं काही होऊ नये. आणि तो गेल्यावर आपल्याला आनंद होऊ नये. पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातात आहेत, तिसरी पूर्णपणे तुमच्या-माझ्या हातात आहे. साधना म्हणतात ती हीच.

आज एक छोटा प्रयोग करून बघा. अशी बातमी समोर आली की मत देण्याआधी त्यातल्या देशांची नावं मनातल्या मनात अदलाबदल करा. अमेरिकेच्या जागी भारत, भारताच्या जागी बांगलादेश. बातमी तीच ठेवा. मत बदललं, तर समजा की माप दोन आहेत. मत तेच राहिलं, मग ते कडक असो वा मऊ, तर निदान ते प्रामाणिक आहे. तिथून पुढे बोलता येतं, भांडताही येतं.

आत्या आणि दादा अजून भांडतातच. भांडू देत. फक्त हल्ली आत्या "ते वेगळं" म्हणायच्या आधी जरा थांबते. त्या थांबण्यात मला हा श्लोक दिसतो.

उद्या पुढचा श्लोक. मन आवरत नाही, अशी अर्जुनाची तक्रार सुरू होतेय. आपलीही तीच आहे ना?

राम कृष्ण हरी 🙏